वृंदसंचालकाचे पदार्पण : मुंबईचा सिम्फनी वृंद, आकाशवाणीचा वाद्यवृंद व खानदेशातील बँड

पाश्चात्त्य संगीतात ज्याला 'कंडक्टर' म्हणतात त्या व्यक्तीला मराठीत अद्याप सर्वमान्य संज्ञा लाभलेली नाही. वृंदसंचालक, वृंदनिर्देशक, संगीतनियोजक असे शब्द कमीअधिक प्रमाणात रूढ आहेत. मूळ इंग्रजी शब्दच स्वीकारावा, तर तो एस. टी. च्या वाहकाने केव्हाच आपलासा केलेला आहे. जळगाव-धुळ्याकडे वरातीपुढे वाजणाऱ्या बँडच्या प्रमुखाला लोक नुसते 'मास्तर' म्हणतात, आणि या साऱ्या शब्दांत अनुभवातून घडलेला असा कदाचित तोच एक आहे. संज्ञेची ही अनिश्चिती केवळ भाषेपुरती नाही. स्वतः कोणतेही वाद्य न वाजवता इतरांच्या वादनाचे नियमन करणारा संगीतकार ही कल्पनाच आपल्या संगीतव्यवहाराला विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ परकी होती. ती येथे कशी आली, कोठे रुजली आणि कोठे रुजली नाही, हे पाहावयाचे तर एखाद्या नव्या संचालकाचे वृंदापुढील पदार्पण हा प्रसंग विशेष उपयोगी पडतो. प्रस्थापित संचालकाचा अधिकार गृहीत धरलेला असतो. नवख्याला तो वादकांकडून मिळवावा लागतो, आणि म्हणून त्या अधिकाराचे घटक त्याच्या बाबतीत उघडे दिसतात.

त्यातही वृंद हौशी किंवा सामुदायिक असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. वेतन देणाऱ्या वृंदात नेमणुकीचे पत्र हा अधिकाराचा एक आधार असतो. सामुदायिक वृंदातील वादक दिवसभर कचेरीत, शाळेत वा पेढीवर काम करून संध्याकाळी तालमीस येतात. संचालक त्यांना न आवडल्यास ते भांडत नाहीत. ते यायचे थांबतात. अशा वृंदाच्या संचालकाला संगीताच्या ज्ञानाबरोबरच माणसे टिकवून धरण्याची कला लागते, ती याच कारणाने.

संचालक नेमके काय करतो, याविषयी सुशिक्षित श्रोत्यांतही बराच गैरसमज आढळतो. तो ताल धरतो, एवढेच अनेकांना वाटते. ताल धरणे हे त्याच्या कामाचे सर्वांत सोपे अंग होय. मात्र ते का आवश्यक ठरते याचे कारण भौतिक आहे. वीस अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. रंगमंचावर पंधरा मीटर अंतराने बसलेल्या दोन वादकांपैकी एकाचा स्वर दुसऱ्याच्या कानी पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे तेविसावा भाग लागतो. मागील रांगेतील तुतारीवाला पुढच्या व्हायोलिनचा स्वर ऐकून वाजवू लागला, तर श्रोत्यांपर्यंत त्याचा स्वर उशिराच येणार, आणि तो जितक्या इमानाने ऐकून वाजवील तितका तो मागे पडणार. डोळ्यांना दिसणाऱ्या संकेताला असा विलंब नाही. मोठ्या वृंदात कानापेक्षा डोळ्यावर अधिक विसंबावे लागते, आणि हात दिसेल अशा उंचीवर एक माणूस उभा करावा लागतो, याचे मूळ येथे आहे.

या संकेताचे स्वरूप भारतीय विद्यार्थ्याने बारकाईने समजून घ्यावयास हवे, कारण वरवर पाहता तो आपल्या टाळी-खालीसारखा दिसतो. हाताने ताल देण्याची पद्धत आपल्याकडे प्राचीन आहे. कर्नाटक संगीतात तर गायक स्वतःच हाताने ताल धरून गातो. परंतु टाळी ही चालू क्षणाची नोंद असते. सम आली की टाळी पडते. संचालकाचा हात त्याउलट पुढच्या क्षणाची वर्दी देतो. पहिला आघात होण्यापूर्वी तो हात वर उचलतो, आणि त्या उचलण्याच्या गतीतच पुढील लय, नादाची तीव्रता व आघाताची जात या तिन्ही गोष्टी वादकाला कळाव्या लागतात. याला पूर्वसंकेत म्हणता येईल. नवख्या संचालकाची परीक्षा पहिल्या पूर्वसंकेतातच होते, असे अनुभवी वादक सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. त्याने हात उचलला आणि वादकांना श्वास कोठे घ्यावा हे कळले नाही, तर पुढची अर्धी तालीम शब्दांनी खुलासा करण्यात जाते. तबलजीला तिहाईवरून समेची चाहूल लागते, ती या पूर्वसंकेताशी काहीशी जवळची म्हणता येईल. तरीही तिहाई स्वतः नाद आहे. संचालकाचा हात मुका असतो.

ही व्यवस्था पश्चिमेतही फार जुनी नाही. फ्रान्सच्या दरबारात ल्यूली जमिनीवर काठी आपटून ताल देत असे; तीच काठी पायावर लागून झालेल्या जखमेने १६८७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. अठराव्या शतकात बहुधा हार्पसिकॉर्डवर बसलेला वादक किंवा प्रमुख व्हायोलिनवादक वृंद सांभाळी. एकोणिसाव्या शतकात वृंद मोठे झाले, रचना गुंतागुंतीच्या झाल्या आणि हातात छोटी छडी घेऊन सर्वांसमोर उभा राहणारा स्वतंत्र संचालक पुढे आला. १८३५ पासून लाइपझिगच्या वृंदासह मेंडेल्सन याने केलेले काम या बदलातील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. संचालकाविना मोठा वृंद चालू शकतो की नाही, याचाही प्रयोग होऊन गेला आहे. मॉस्कोत १९२२ ते १९३२ या काळात 'पर्सिम्फान्स' नावाचा संचालकविरहित वृंद समतेच्या तत्त्वावर चालला. वादक एकमेकांना दिसावेत म्हणून ते वर्तुळाकार बसत. तो प्रयोग कलादृष्ट्या फसला असे म्हणता येत नाही, पण संचालक एका हाताने जे मिटवतो ते मिटवण्यासाठी तेथे तालमींची संख्या फार वाढवावी लागे.

पदार्पणाच्या कथांत सर्वाधिक सांगितली जाते ती तोस्कानीनीची. १८८६ साली रिओ द जानेरो येथे एका इटालियन संगीतनाटक मंडळीत तो चेलोवादक होता. प्रेक्षकांच्या गोंधळामुळे नेमलेल्या संचालकाला व्यासपीठ सोडावे लागले आणि एकोणीस वर्षांच्या या वादकाला सहकाऱ्यांनी पुढे ढकलले. 'आयडा' हे संपूर्ण नाटक त्याने स्वरलेख न उघडता पार पाडले. ही कथा स्मरणशक्तीचे कौतुक करण्यासाठी सांगितली जाते, परंतु तिच्यातील खरा मुद्दा निराळा आहे: त्याला निवडले ते वादकांनी. त्यांच्यात बसून वाजवताना त्याला सर्वांचे भाग पाठ आहेत हे त्यांना ठाऊक होते. सामुदायिक वृंदात नवा संचालक बहुधा याच मार्गाने येतो.

महाराष्ट्रापुरते पाहता या विषयाचे सर्वांत चांगले उदाहरण मुंबईत सापडते. १९३५ मध्ये मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. मेहता हे बव्हंशी स्वतःच्या परिश्रमाने व्हायोलिन शिकलेले होते. पाश्चात्त्य पद्धतीचे संगीत महाविद्यालय मुंबईत नव्हते. ध्वनिमुद्रिका, छापील स्वरलेख आणि शहरात येणारे युरोपीय कलावंत यांच्यावरच विद्या मिळवावयाची होती. त्यांचा वृंदही तसाच जमवलेला होता. पारशी हौशी वादक, गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेले आणि हॉटेलांत व चित्रपटांत वाजवून पोट भरणारे गोमंतकीय, शहरात आश्रयास वा नोकरीस आलेले युरोपीय, आणि पितळी व लाकडी वायुवाद्यांसाठी सैनिकी बँडमधील वादक, अशी त्याची घडण होती. याच सुमारास नाझींच्या छळामुळे मध्य युरोप सोडून आलेले वॉल्टर काउफमान मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते. आकाशवाणीची सुपरिचित संकेतधून त्यांची मानली जाते. काही काळ ज्यूल क्रेन या बेल्जियन संगीतज्ञानेही बॉम्बे सिम्फनीचे संचालन केले.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. वृंदाचे संस्थापक असूनही मेहली मेहता आरंभी संचालकाच्या जागी नव्हते. ते अग्रवादक, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचे प्रमुख होते. अग्रवादकाचे काम सामान्य श्रोत्याच्या नजरेत भरत नाही. वाद्ये जुळवून घेणे, गज कोठे खाली व कोठे वर ओढावयाचा हे ठरवणे, संचालकाच्या सूचनेचा तंतुवाद्यांच्या भाषेत अनुवाद करणे, आणि संचालक चुकला तर मागच्यांना न कळता वृंद सावरणे, हे सारे त्याच्याकडे असते. हौशी वृंदात तर तोच खरा शिक्षक असतो. मेहता १९४५ मध्ये इव्हान गॅलामियन या थोर व्हायोलिनशिक्षकाकडे शिकण्यास न्यूयॉर्कला गेले आणि काही वर्षांनी परतले. पुढील काळात संचालनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वृंदाने त्यांना प्रथम वादक म्हणून पाहिले होते, ही गोष्ट त्यांच्या अधिकाराच्या मुळाशी होती.

त्यांचे पुत्र झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा, म्हणजे वृंदाच्या जन्मानंतर वर्षभरातला. घरातच तालमी चालत. सोळाव्या वर्षी त्यांनी वडिलांच्या वृंदाची संपूर्ण तालीम घेतली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. हे पदार्पण म्हणावे काय? तिकीट काढून आलेला श्रोता समोर नव्हता, म्हणून रूढ अर्थाने नव्हे. परंतु संचालकाचे नव्वद टक्के काम तालमीतच होते आणि प्रयोगाच्या संध्याकाळी तो बहुतांशी ठरलेल्या गोष्टींची आठवण करून देत असतो, हे ध्यानी घेतले तर मुंबईतील त्या तालमीला कमी लेखता येत नाही. समोर बसलेल्यांत वडिलांच्या वयाची माणसे होती. त्यांपैकी कित्येकांनी त्या मुलाला रांगताना पाहिले असणार. अशा मंडळींना 'पुन्हा एकदा, तिसऱ्या ओळीपासून' असे सांगण्याला जो धीर लागतो, तो कोणत्याही विद्यालयात शिकवता येत नाही.

सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वैद्यकपूर्व अभ्यासक्रम सोडून ते १९५४ मध्ये व्हिएन्नास गेले. तेथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन आणि त्याबरोबर डबल बास हे वाद्य ते शिकले. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा नाद त्यांनी प्रत्यक्ष प्रथम ऐकला तो कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली, ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीत. ही रचना मुंबईच्या मुलाला तबकड्यांवरून परिचित होती, पण तो नाद मात्र कल्पनेपलीकडचा ठरला. थोर संचालकांच्या तालमींना विद्यार्थ्यांस प्रवेश नसे. त्यावर झुबिन मेहता व त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो यांनी काढलेली तोड मोठी मार्मिक आहे: ते गायकवृंदात दाखल झाले. गायकाला तालमीस बसावेच लागते, आणि गायकाची जागा वादकांच्या मागे, संचालकाच्या थेट समोर असते. श्रोत्याला संचालकाची पाठ दिसते. या दोघांनी ब्रूनो वॉल्टर व काराजान यांचे चेहरे पाहून विद्या मिळवली.

१९५६ च्या ऑक्टोबरात हंगेरीत उठाव झाला, नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात शिरले. वीस वर्षांच्या झुबिन मेहतांनी सात दिवसांत विद्यार्थ्यांचा एक वृंद उभा केला व व्हिएन्नाबाहेरील निर्वासितांच्या एका छावणीत त्याचे वादन केले. त्यांच्या कारकिर्दीच्या अधिकृत नोंदींत पदार्पणाचे वर्ष १९५८ असे दिले जाते. त्याच वर्षी लिव्हरपूल येथील आंतरराष्ट्रीय संचालन स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. तरीही सामुदायिक वृंदाच्या अभ्यासकाने छावणीतील प्रयोगाकडेच अधिक लक्ष द्यावे. सात दिवसांत वृंद उभा करणे म्हणजे काय? प्रथम, ज्याचे सुटे भाग सहज मिळतील आणि बहुतेकांनी पूर्वी वाजवलेले असेल असे संगीत निवडणे. दुसरे, उणीव असलेल्या वाद्यांचे स्वर दुसऱ्या वाद्यांकडे सोपवणे. आणि तिसरे, ज्याचा नेमणुकीशी काही संबंध नाही असे, मित्रांच्या मनात कार्याविषयी आस्था उत्पन्न करणे. मुंबईच्या जमवलेल्या वृंदात वाढलेल्या तरुणाला या तिन्ही गोष्टी नव्या नव्हत्या. सुसज्ज वृंदांच्या शहरात जन्मलेल्या त्याच्या सहाध्यायांपेक्षा त्याची तयारी या बाबतीत अधिक होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

ज्या वृंदाने त्यांना घडवले त्याचे पुढे काय झाले? मेहली मेहता १९५५ च्या सुमारास मँचेस्टरच्या हॅले वृंदात गेले, नंतर अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी लॉस एंजल्स येथे अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुण वादकांचा वृंद स्थापून तेहतीस वर्षे चालवला. मुंबईचा वृंद त्यांच्या जाण्यानंतर टिकला नाही. वृंद एका व्यक्तीच्या खांद्यावर उभा असला की नव्या संचालकाच्या पदार्पणाची वेळच येत नाही. जुना जातो आणि दिवा मालवतो. पुढे बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रासारख्या लहान वृंदांनी ती परंपरा चिवटपणे सांभाळली. २००६ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला, तेव्हा प्रशिक्षित वादकांची उणीव इतकी होती की बऱ्याच जागा कझाकस्तानातून आलेल्या वादकांनी भरून काढाव्या लागल्या. वृंदाचा दर्जा त्यामुळे निश्चित उंचावला, परंतु सामुदायिक हे विशेषण त्याला लावता येत नाही.

मुंबईतच आणखी एक पदार्पण घडले, त्याची आठवण चित्रपटगीतांच्या शौकिनांना दुसऱ्या कारणाने आहे. गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे चित्रपटवृंदातील व्हायोलिनवादक व संयोजक. सकाळ-संध्याकाळ ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत इतरांच्या चालींना स्वरसाज चढवणाऱ्या या माणसाने १९५८ मध्ये स्वतःचा सिम्फनी वृंद जमवला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागाधारित स्वरचना वृंदासाठी सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यात गायक होते. कल्पना धाडसाची होती, वादक तयारीचे होते, आणि गोमंतकीय, महाराष्ट्रीय, पारशी असे सारे मुंबईकर एका व्यासपीठावर आले होते. पण वृंद टिकला नाही. गोन्साल्विस १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेस गेले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव आले ते त्यांचे शिष्य संगीतकार प्यारेलाल यांच्यामुळे. गाणे गुणगुणणाऱ्यांना मात्र ते नाव एका वृंदसंचालकाचे आहे याची बहुधा कल्पनाही नसते.

भारतीय वाद्यांच्या वृंदात संचालक कसा उभा राहिला, हा या विषयाचा दुसरा पदर. १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीत अनाथ झालेल्या मुलांना शिकवून एक वृंद सिद्ध केला. बंदुकीच्या नळ्यांपासून केलेले नलतरंग हे वाद्य त्याच वृंदातले. तेथे गुरू हाच संचालक होता, आणि चाली स्मरणात असल्याने स्वरलेखाची गरज पडत नव्हती. उदयशंकर यांच्या नृत्यपथकातील वृंदाचे संगीत विष्णुदास शिराळी यांनी अनेक वर्षे सांभाळले. ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य होते, ही गोष्ट महाराष्ट्रात पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. त्याच पथकात वाढलेले रविशंकर यांच्याकडे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदातील हिंदुस्थानी संगीताचे संचालन आले; कर्नाटक संगीताची बाजू टी. के. जयराम अय्यर पाहत. १९५६ मध्ये रविशंकर आकाशवाणी सोडून गेले आणि बासरीवादक पन्नालाल घोष त्या जागी आले.

पन्नालाल घोष यांच्यापुढील अडचण मेहतांच्या अडचणीहून मूलतः भिन्न होती. मुंबईच्या वृंदातील वादक कमी तयारीचे असतील, पण समोरचा स्वरलेख सर्वांना सारखा बांधून ठेवणारा होता. दिल्लीच्या वाद्यवृंदातील प्रत्येक जण स्वतःच्या वाद्याचा जाणकार, घराण्याची शिस्त अंगी बाणलेला आणि आयुष्यभर एकल वादनाची किंवा साथीची सवय असलेला. त्याच्या गंधाराला एक विशिष्ट जागा आहे व त्या स्वराकडे जाण्याची एक मींड आहे. शेजारच्या सारंगियाची मींड निराळी आहे. दोघांनी एकच मींड घ्यावी असे सांगितले तर राग सुरक्षित राहतो, पण दोघांपैकी एकाचे घराणे हरवते. न सांगितले तर वृंद उरत नाही. या पेचातून घोष यांनी काढलेला मार्ग त्यांच्या 'कलिंगविजय' यांसारख्या रचनांवरून ध्यानात येतो: प्रसंगप्रधान रचना, वाद्यसमूहांची आलटूनपालटून योजना, आणि सर्वांनी एकत्र वाजवावयाच्या जागी लयबद्ध, ठसठशीत वाक्ये. आलाप बहुधा एकट्या वाद्याकडे सोपवावा लागतो. तेथे संचालकाचा हात खाली येतो. तो हात केव्हा खाली आणावा हे कळणे, ही भारतीय वृंदातील संचालकाची खास परीक्षा म्हणावी लागेल. टीकाकारांनी या वृंदाला चित्रपटसंगीताचा प्रतिष्ठित भाऊ म्हणून हिणवले आहे, आणि त्यातील काही रचनांच्या बाबतीत ते खोटेही नाही. तरीही एकलवादनाच्या परंपरेत वाढलेले कलावंत दुसऱ्याच्या हाताकडे पाहून वाजवू शकतात, एवढे त्याने सिद्ध केले.

खानदेशात संगीताची आच जुनी आहे. बालगंधर्वांनी बालपणी गाण्याचे पहिले धडे जळगाव येथे मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावात आजही भरतो. परंतु संगीत नाटकाच्या परंपरेत संचालकाला स्थान नव्हते. ऑर्गन, सारंगी आणि तबला ही साथ नटाच्या गळ्याकडे लक्ष ठेवून चाले. थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया असला, तरी लय कोठे रेंगाळावयाची हे बालगंधर्व ठरवीत, व ते हाताने नव्हे तर स्वरानेच. धुळे जिल्ह्याच्या साक्री भागात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात भोपळ्याची व बांबूची पावरी वाजते, तेथेही नाचणाऱ्यांची पावले पावरीच्या बदलत्या चालीवर फिरतात. दोन्ही ठिकाणी अधिकार नादात आहे. नादाबाहेर उभा असलेला अधिकारी खानदेशाने पाहिला तो बँडमध्ये.

लग्नाचा बँड हा मूळचा इंग्रजी पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडचा वंशज. भारतातील या बँडांचा ग्रेगरी बूथ यांनी केलेला सविस्तर अभ्यास २००५ मध्ये 'ब्रास बाजा' या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्यात आढळणारी सर्वसाधारण रचना खानदेशातही दिसते. पुढे क्लॅरिओनेट व ट्रम्पेट, त्यांच्या मागे भरणीचा स्वर देणारी युफोनियमसारखी वाद्ये, आणि शेवटी लहानमोठे ढोल. वादक हंगामापुरते जमतात. बाकीचे दिवस शेती, मजुरी वा किरकोळ धंदा. या अर्थाने हा वृंद धंदेवाईक असूनही त्याची सामाजिक घडण सामुदायिक वृंदासारखीच आहे. नवा मास्तर बहुधा क्लॅरिओनेटवाल्यांतून, पुष्कळदा घरातूनच येतो. त्याच्या पदार्पणाची निमंत्रणपत्रिका निघत नाही. लग्नसराईची पहिली मोठी तिथी हाच त्याचा पहिला प्रयोग, आणि श्रोते तोंडावर फर्माईश करणारे.

मेहता पितापुत्रांना ज्या भौतिक अडचणी सभागृहात सौम्य रूपात भेटल्या, त्या या मास्तराला रस्त्यावर पुऱ्या तीव्रतेने भेटतात. क्लॅरिओनेट आणि ट्रम्पेट यांची बैठक बहुधा काळी पाचच्या स्वराची. गीत मूळ ज्या पट्टीत असेल ती कोणतीही असो, बोटांना सोयीच्या पट्टीत ते बसवून घ्यावे लागते. वैशाखात जळगावचा पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. हवेचे तापमान वीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेले तर ध्वनीचा वेग सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो, आणि नळीतील हवा तितकीच तापली तर वायुवाद्याचा स्वर अर्ध्या पडद्याहूनही किंचित अधिक चढेल. वादकाच्या उष्ण श्वासामुळे ती हवा आधीच काहीशी तापलेली असते, म्हणून प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही, पण पडतो. त्याच उन्हात चामड्याची वाद्ये ताणून चढतात, तर तारेची वाद्ये सैल पडून उतरतात. सायंकाळी जुळवलेला बँड रात्री गार वाऱ्यात पुन्हा बेसूर होतो.

अंतराची अडचण त्याहून मोठी. वरात लांबली की पुढचा क्लॅरिओनेटवाला आणि मागचा मोठा ढोल यांत तीस मीटरचे अंतर सहज पडते. ते कापण्यास ध्वनीला सेकंदाचा सुमारे अकरावा भाग लागतो. मिनिटाला एकशेवीस मात्रांच्या नाचाच्या लयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे विलंब मात्रेच्या सहाव्या हिश्शाहून थोडा अधिक. एवढ्या फरकाने लय फाटते आणि नाचणाऱ्यांची पावले अडखळतात. म्हणून मास्तर उलटा चालतो, तोंड बँडकडे व पाठ रस्त्याकडे, आणि वाद्य ओठांना असतानाच त्याचे टोक वर उचलून गीताचा मोड दाखवतो. दोन गीतांच्या सांध्यावर एक हात उंच जातो. ढोलवाला तो हात पाहून थाप थांबवतो. व्हिएन्नाच्या विद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या पूर्वसंकेताहून हा संकेत ओबडधोबड आहे. कार्य मात्र तेच आहे, आणि ते कोणी कोणाला ग्रंथावरून शिकवलेले नाही.

अलीकडच्या काळात या रचनेत फार मोठा पालट झाला. वाहनावर बसवलेले ध्वनिक्षेपक, विजेवर चालणारा बेंजो, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड यांनी क्लॅरिओनेटची जागा बरीचशी घेतली. सर्व स्वर एकाच ठिकाणाहून बाहेर पडू लागल्याने ध्वनीच्या विलंबाचा प्रश्न सुटला, आणि त्याबरोबर उंचावलेल्या हाताचे प्रयोजनही उणावले. लय आता यंत्र धरते. वादकांची संख्या घटली, कारण एक की-बोर्ड पाच वाद्यांचे काम करतो. त्याहीपुढे जाऊन केवळ मुद्रित गाण्यांवर वरात चालवण्याची रीत पडली, तेव्हा कित्येक बँडवाल्यांचा हंगामच गेला. युफोनियम किंवा दुय्यम ट्रम्पेट वाजवणारा पुढल्या पिढीत क्वचितच तयार होतो, आणि भरणीचा स्वर वाजवणारे नसले की नव्या मास्तराला सांभाळण्यासारखे असे मागे काही उरत नाही. मुंबईचा सिम्फनी वृंद संचालक गेल्याने संपला; येथे वृंद आधी विरळ होतो आणि संचालक नावापुरता शिल्लक राहतो.

पालट पुरा झाला आहे असे मात्र नाही. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाची मिरवणूक गावातील अरुंद गल्ल्यांतून निघते. ध्वनिक्षेपकांचे वाहन जेथे वळू शकत नाही तेथे ते कोपऱ्यावर उभे राहते, बेंजोवाला व की-बोर्डवाला तेथेच थांबतात, आणि ढोल, ताशा व जे काही एकदोन क्लॅरिओनेट असतील ते घेऊन मास्तराला पायी पुढे व्हावे लागते. तेवढ्या वाटेपुरते तो पुन्हा उलटा चालतो आणि त्याचा हात पुन्हा वर जातो.